अंगठा चोखायची सवय सोडवणारा कडू लेप की थंब गार्ड?

कडू लेप दिसतो नेलपॉलिशसारखाच. कडवटपणा डेनाटोनियम बेंझोएट या अतिशय कडू रसायनाचा. जिभेला जरा लागला की मूल तोंड वेडंवाकडं करतं. नखावर आणि कडेच्या कातडीवर पातळ थर द्या, पूर्ण वाळू द्या, हात धुतल्यावर पुन्हा लावा. घोळ होतो तो ओल्या लेपाचा: मूल डोळे चोळतं आणि डोळे झोंबतात. अंगठ्याला चीर किंवा नखुरडं असेल तर लावूच नका. लबाड मुलं दुसरा अंगठा तोंडात घालतात, तेव्हा लेप दोन्हींना हवा.

झोपेत चोखणाऱ्यांसाठी गार्ड, म्हणजे अंगठ्यावर चढवून मनगटाला बांधायचं आवरण, सरस. चोखताना तोंडात जी पोकळी तयार होते, तिच्यातच मजा असते. प्लास्टिकच्या गार्डमधून हवा शिरते आणि ती मजाच जाते. मनगटाच्या पट्ट्याखाली मोठ्याचं एक बोट सहज सरकायला हवं. रात्रभर आत घाम आणि लाळ साचून कातडी पांढरी, लिबलिबीत होते, त्यामुळे सकाळी गार्ड धुवा, अंगठा कोरडा करा. कापडी गार्ड मऊ खरा, पण भिजतो, दोन लागतातच.

4 वर्षांच्या आत यातलं काहीच घेऊ नका, बहुतेक मुलं आपणहून सोडतात. पुढे मात्र चालढकल महागात पडते: वरचे दात पुढे येतात, दाढा मिटल्या तरी समोर फट राहते, टाळू अरुंद होतो, 'स' बोबडा येतो. साधारण 6व्या वर्षी पुढचे कायमचे दात यायला लागतात. तोवर सवय टिकली तर लेप-गार्ड बाजूला ठेवून थेट मुलांच्या दंतवैद्याकडे जा. चोखणं अडवणारी, टाळूला बसवायची तारेची जाळी तिथेच मिळते.