जनरेटर घराला जोडायचा कसा: सुटी वायर, हाताचा चेंजओव्हर की ऑटो पॅनल?

जून लागला की सांगलीत जनरेटरची चौकशी सुरू होते. नदीकाठच्या गावभागात राहणाऱ्यांना कारण सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. पाण्यातल्या भागांची लाईट कित्येक दिवस बंद होती. पण दुकानात गेल्यावर सगळे विचारतात ते किती केव्हीएचा, आवाज किती, पेट्रोल किती पितो. घराला जोडणार कसा, हे मात्र लाईट गेल्यावर बॅटरीच्या उजेडात ठरतं.

तीन मार्ग आहेत. चौथाही आहे, तो आधी बाद करतो. वायरच्या दोन्ही टोकांना थ्री पिन टॉप लावायचा, एक टोक जनरेटरला, दुसरं घरातल्या सॉकेटला. "मेन बंद करून लावतो की, काय होतंय?" आमचे मामाच म्हणायचे. होतं ते असं: मेन बंद करायला एकदा विसरलात की तुमची वीज उलटी मीटरमधून डीपीकडे, म्हणजे चौकातल्या ट्रान्सफॉर्मरकडे निघते. जो ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्ट उतरवून आपल्याला २३० देतो, तोच उलट्या बाजूने २३० चे दहा-अकरा हजार करतो. लाईन बंद आहे समजून खांबावर चढलेला वायरमन त्यात सापडतो. छोटा जनरेटर शेजाऱ्यांच्या भाराने दबून बंद पडेल, असा युक्तिवाद ऐकलाय. पण तार जवळच तुटली असेल तर पुढे भार उरतच नाही, आणि खालच्या तारेतले २३० सुद्धा जीव घ्यायला पुरतात. मेन बंद असला तरी चालू जनरेटरची ती वायर सॉकेटमधून निघाली, की उघड्या पिना तुमच्याच हातात. आणि मेन चालू असताना महावितरणची लाईट आलीच, तर पहिला बळी जनरेटरच्या वाइंडिंगचा. मामांची वायर मी कापून टाकली, महिनाभर बोलले नाहीत.

आता खरी तुलना.

सुटी वायर म्हणजे जनरेटरच्या सॉकेटला एक्स्टेंशन बोर्ड लावून त्यावर फ्रिज, पंखा, मोबाईल. घराच्या वायरिंगला हातच लागत नाही, म्हणून उलटी वीज जाण्याचा प्रश्नच येत नाही. भाड्याचं घर असेल तर हेच करा, संकोच नको. वायर जाड घ्या, आणि रिळावर गुंडाळलेली वापरू नका, तापते. खोट वेगळीच आहे. वायर आत घ्यायला दार किलकिलं राहतं, पाऊस म्हणून जनरेटर जिन्यात येतो, आणि धूर घरात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही. जनरेटर बाहेरच, खिडक्यांपासून वीसेक फूट लांब, वर पत्र्याचा आडोसा पण चारी बाजू मोकळ्या.

हाताचा चेंजओव्हर माझ्या मते स्वतःचं घर असणाऱ्या बहुतेकांसाठी योग्य. लोखंडी डबा, बाहेर एक दांडा, तीन जागा: मेन, मध्ये बंद, जनरेटर. दांडा खट्‌कन मध्ये येतो तेव्हा एक बाजू पूर्ण सुटलेली असते, मगच दुसरी लागते. दोन्ही एकदम लागणं त्या यंत्रणेत शक्यच नाही. विसरभोळ्या माणसाचा भरवसा धरावा लागत नाही, हाच त्याचा मोठा गुण. दुकानदार विचारेल, "डीपी की फोर पोल?" इथे डीपी म्हणजे चौकातला ट्रान्सफॉर्मर नव्हे, डबल पोल. सिंगल फेज घराला डबल पोल, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही सुटतो. फक्त फेज तोडणारा स्वस्तातला जुगाड नको. थ्री फेजला फोर पोल. काम लायसनवाल्या वायरमनकडून, आणि त्याला मुद्दाम विचारा: जनरेटरचं अर्थिंग केलंस का, त्याचा न्यूट्रल अर्थला जोडला का? छोट्या जनरेटरचा न्यूट्रल बरेचदा मोकळाच असतो, आणि तसा राहिला तर घरातला आरसीसीबी, म्हणजे शॉक लागताच वीज तोडणारा स्विच, जनरेटरवर शोभेपुरता उरतो.

ऑटो पॅनल लाईट गेल्याचं ओळखतो, जनरेटर सुरू करतो, आल्यावर बंद करतो. पण दोरी ओढून सुरू होणाऱ्या जनरेटरला तो निरुपयोगी, दोरी कोण ओढणार? सेल्फ स्टार्टचा मोठा सेट हवा. विश्रामबागच्या अपार्टमेंटमध्ये, लिफ्ट असेल, घरात आजारी माणूस असेल, तर पैसे सार्थकी लागतात. प्रत्येक फ्लॅटला ठरावीक वॅटच मिळतील अशी मर्यादा तिथे घालता येते. बंगल्यात मला तो हौसेचा वाटतो.

भाराचं गणित तिन्हीकडे सारखंच. दोन केव्हीए म्हणजे जेमतेम ९ अँपिअर. दिवे, पंखे, फ्रिज, टीव्ही आरामात चालतात. गीझर नाही, एसी नाही, आणि दीड एचपीची बोअरची मोटर तर नाहीच, सुरू होताना ती कित्येक पट करंट ओढते. घरी इन्व्हर्टर असेल आणि जनरेटरवर चार्ज होत नसेल, तर मागचं बटण यूपीएसवरून नॉर्मलवर टाकून बघा.

छतावर ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेलं सोलर असेल तर एक गोष्ट नक्की करा. चेंजओव्हर अशा जागी बसवा की सोलरची जोडणी मेनच्याच बाजूला राहील. नाहीतर सोलरचा इन्व्हर्टर जनरेटरलाच लाईन समजून त्यात वीज ढकलू लागतो.

आणि गावभागातल्यांसाठी खास: सगळं घर चेंजओव्हरवर घेऊ नका. तळमजल्यातले सॉकेट पाण्याखाली असताना त्यांना वीज कोण देणार? वरच्या मजल्याचा डीबी, म्हणजे एमसीबींचा डबा, वेगळा काढा, चेंजओव्हर तेवढ्यापुरता, तोही वरच. आमचा वरच्या दाराशेजारी आहे. जिन्यात २०१९ च्या पाण्याची रेघ अजून दिसते, तिथून अकरा पायऱ्या वर.