मॉडेल टी की सिल्व्हर घोस्ट?
फोर्ड मॉडेल टीचं (१९०८) इंजिन म्हणजे साधा कारभार. २.९ लिटर, २० अश्वशक्ती, चारही सिलिंडर एकाच ओतीव ठोकळ्यात. सिलिंडरमधली काजळी खरवडायची? बोल्ट सोडा, हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उचला. सुरुवातीच्या गाड्या सोडल्या तर पाण्याचा पंपही नाही. तापलेलं पाणी आपसूक वर चढून रेडिएटरमध्ये जातं.

रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्टचे सहा सिलिंडर तीन-तीनच्या दोन ठोकळ्यांत, सात लिटरच्या वर. हेड वेगळं निघतच नाही, म्हणून हेड गॅस्केट (हेड आणि ठोकळ्यामधली सांधपट्टी) उडण्याची भानगड नाही. पण झडपांचं काम किचकट. ऐकायला मला घोस्टच आवडते, हात काळे करायला टी.

फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात १९१३ पासून सरकती जोडणी-साखळी (असेंब्ली लाइन) आली आणि साडेबारा तासांची चासीजोडणी (गाडीच्या सांगाड्याची जोडणी) दीड तासावर उतरली. टी दीड कोटींवर निघाल्या, घोस्ट आठ हजारांच्या आत.