पुरानंतरची लूट: तक्रार आपत्ती कायद्यात की न्याय संहितेत?

पूर ओसरला की ‘अशा वेळी हात मारणाऱ्याला जास्त शिक्षा पाहिजे’ हे पारावर हमखास ऐकू येतं. गंमत म्हणजे, आपत्तीसाठी खास केलेला कायदाच मवाळ आहे. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमात खोटा दावा करून मदत उचलणं (कलम 52) किंवा मदतीचा पैसा-माल हडपणं (कलम 53), दोन्हींना जास्तीत जास्त 2 वर्षं आणि दंड. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीलाच 7 वर्षांपर्यंत आहे (कलम 318(4)). सरकारी नोकराने ताब्यातला पैसा खाल्ला तर 10 वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप (कलम 316(5)).

वर्षांपेक्षा मोठा फरक पोलीस ठाण्याच्या दारात पडतो. 52-53 अदखलपात्र, कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. त्यात कलम 60 म्हणतं, तक्रार आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने किंवा सरकारने करावी, नाहीतर तुम्ही 30 दिवसांची नोटीस देऊन मग कोर्टात जा. संहितेची वरची दोन्ही कलमं दखलपात्र.

म्हणून अनुदानाच्या यादीत बोगस नावं दिसली (जालना जिल्ह्यात 2025 मध्ये उघडकीस आलेलं प्रकरण याच जातीचं), तर फिर्याद संहितेखाली द्या आणि कलम 60 ची नोटीस त्याच दिवशी जिल्हाधिकाऱ्यांकडे पोचवा. सोबत यादीतला व्हीके नंबर (प्रत्येक लाभार्थ्याचा विशिष्ट क्रमांक), गट नंबर, सातबारा आणि पंचनाम्याची प्रत. सातबाऱ्यावर 40 गुंठे आणि यादीत 2 हेक्टर, एवढी एक ओळ दहा पानी निवेदनाला भारी पडते.

चोरीचं तर आपत्ती कायद्यात कलमच नाही. पुरामुळे सोडलेल्या घरातून माल गेला तर संहितेचं 305, 7 वर्षांपर्यंत. नदीकाठची उघड्यावरची पाण्याची मोटार गेली तर 303, 3 वर्षांपर्यंत. वाहून आलेलं जनावर कुणी बदनियतीने ठेवून घेतलं तर 314, 6 महिने ते 2 वर्षं. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात आणीबाणीतल्या लुटीला किमान 3, कमाल 15 वर्षं आहेत. आपल्याकडे मागणी करायचीच तर आधी 52-53 दखलपात्र करा ही करावी. आकडा नंतर वाढवता येईल.

फिर्यादी आपटतो तो बहुधा पंचनाम्यावर. म्हैस ‘वाहून गेली’ असं लिहून दिलं, दुधाळ जनावराचे 37,500 रुपये घेतले आणि पुढे तीच म्हैस चोरीला गेल्याची फिर्याद दिली, तर चोर सुटतो आणि कलम 52 आपल्याच दाराशी येतं. वाहून गेलं की चोरलं याची खात्री नसेल तर पंचनाम्यात ‘बेपत्ता’ लिहून घ्या, आणि सही करण्याआधी तो वाचा.