केबिनचं दार की युनियनची पावती?

हॉस्पिटलात नवी लागलेली नर्स सहा महिन्यांत मला गाठतेच. "ताई, युनियनची पावती फाडून सभासद होऊ, की केबिनमध्ये जाऊन मालक डॉक्टरांशी, सरांशीच बोलू?" सरकारी दवाखान्यातल्या परमनंट सिस्टर्सची संघटना आधीपासून असते, त्यांना हा प्रश्न पडत नाही. मी लिहितेय ते चिपळूण-खेडकडच्या चाळीस-पन्नास खाटांच्या खासगी हॉस्पिटलात राबणाऱ्यांसाठी. मी दोन्ही करून पाहिलंय.

केबिनला कमी लेखू नका. आपल्याकडे डॉक्टर आणि नर्स हे नातं नुसतं मालक-नोकराचं नसतं. माझ्या धाकट्या भावाच्या वेळचं आईचं बाळंतपण याच सरांनी केलं, बिल आईने भाताच्या हंगामानंतर फेडलं. मला अडीअडचणीला ॲडव्हान्स मिळाला, गणपतीला दोन दिवस जास्तीचे मिळाले, पगारही दोनदा वाढला. एवढ्यासाठी युनियनला तीन पत्रं लिहावी लागली असती.

माझं अडलं ते एसटीवर. दुपारची पाळी दोन ते आठ, पुढच्या पाळीला पेशंट सोपवायचे, म्हणजे हँडओव्हर देईपर्यंत साडेआठ, आणि आमच्या गावची वस्तीची गाडी सव्वाआठला सुटायची. चुकली की रिक्षाला तीनशे रुपये, नाहीतर चेंजिंग रूमच्या बाकावर रात्र. तीनदा केबिनमध्ये गेले. दोनदा "बघू". तिसऱ्यांदा सर म्हणाले, "तू पावणेआठला निघ, कोणाला सांगू नको." मी खूश! माझ्या पेशंटचा हँडओव्हर जिच्या गळ्यात पडला ती सिस्टर गुहागरकडची. गाडी तिचीही चुकत होती. महिन्याभरात तिने माझ्याशी बोलणं टाकलं. पुढे एका रजेवरून सर चिडले आणि माझी सवलतही गेली. मला एकटीला जे मिळालं होतं, त्याचा भार दुसरीवर होता, आणि ते सरांच्या मर्जीवर होतं.

युनियनला त्याच कामाला सात महिने लागले. पण पाळी साडेसातला सुटेल असं सही-शिक्क्याचं पत्रक बोर्डावर लागलं, सगळ्यांसाठी.

आता खोच. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याप्रमाणे तेव्हा मान्यताप्राप्त युनियन, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मालकाशी बोलणारी युनियन, व्हायचं तर आस्थापनेत निदान ५० कर्मचारी आणि त्यांतले ३० टक्के सलग सहा महिने सभासद लागायचे. आम्ही साठ जण, म्हणजे अठरा हवेत, आणि नर्सेस अकरा. फक्त नर्सेसचीच संघटना काढायचा आमचा तोरा तिथे उतरला. वॉर्डबॉय, लॅबवाले, मावश्या, सगळ्यांकडे गेलो. जुन्या मावशी म्हणाल्या, "बाय, गाडी काय तुमचीच चुकते?" इतकी वर्षं आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं.

युनियनचा त्रासही सांगते. मेट्रनबाई वर्षभर तुटक वागल्या. पुढारी बाहेरचे, एकदा सुट्टीच्या दिवशी आमचा संबंध नसलेल्या मोर्चाला रत्नागिरीला नेलं. आणि संपाचं म्हणाल तर २०२१-२२ मध्ये एसटीचा संप झाला तेव्हा वडापमध्ये कोंबून जाताना मीच त्यांच्या नावाने बोटं मोडली होती. आपल्या संपात ताटकळणारा पेशंट शेजारच्या वाडीतलाच असणार. म्हणून आम्ही काळ्या फिती लावून काम केलं, त्यापुढे गेलो नाही. भागलं. सगळीकडे भागेलच असं नाही.

पगारात मात्र युनियनने आम्हाला फार काही दिलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राच्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलातही नर्सला महिना निदान २०,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. पण ती शिफारस. केरळच्या नर्सेसनी २०१७ मध्ये त्याच आकड्यासाठी आंदोलन केलं आणि सरकारला कबूल करायला लावलं. आम्ही अजून एसटीच्याच वेळेपाशी आहोत.

तुमच्याकडे पंधरा-वीसच माणसं असतील, किंवा वर्षभरात मुंबईला नाहीतर आखातात जायचं ठरलं असेल, तर केबिनमध्येच जा, मी अडवणार नाही. इथेच राहणार असाल तर पावतीवर युनियनचा नोंदणी क्रमांक आहे ना ते बघा, आणि पहिली पावती सगळ्यांत जुन्या मावशींना फाडायला सांगा. त्यांच्यावर सर आवाज चढवत नाहीत.