ॲसिट्रॉम चालू असताना स्टॅटिन कुठलं, ॲटोर्व्हा की रोझुव्हा?

मेटलचा मायट्रल व्हॉल्व्ह बसवलाय म्हणजे ॲसिट्रॉम ही रक्त पातळ करायची गोळी जन्माची, त्यात कोलेस्टेरॉल वाढलं की ते उतरवणारी गोळी, म्हणजे स्टॅटिन, कुठली हा प्रश्न येतोच. मी दोन्ही घेतल्यात, आधी रोझुव्हास्टॅटिन, आता ॲटोर्व्हास्टॅटिन.

कोलेस्टेरॉल उतरवण्यात रोझुव्हा जास्त पॉवरफुल, वादच नाही. तिच्या १० च्या गोळीचं काम करायला ॲटोर्व्हा निदान २० ची लागते. माझं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, दोन्हींवर खाली आलं.

मला छळलं ते आयएनआरने, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणाऱ्या टेस्टच्या आकड्याने. रोझुव्हाने आयएनआर वर जाऊ शकतो हे तिच्या माहितीपत्रकातच असतं, आणि माझा गेलाच. मला २.५ ते ३.५ मध्ये ठेवायला सांगितलंय, तो गेला चारच्या वर, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त, कुठे आपटलं नसताना दंडावर काळंनिळं. मग ॲसिट्रॉमचा डोस कमी, परत टेस्ट, सकाळी कर्वे रोडच्या लॅबमध्ये सुई, संध्याकाळी रिपोर्ट, डॉक्टरांना फोन, आणि किचनमधल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने ‘सोम-गुरू २, बाकी ३’ लिहायचं की पुढच्या आठवड्यात खोडायचं. त्यात श्रावण, घरात अळूचं फदफदं, पालेभाजीतल्या व्हिटॅमिन के ने आयएनआर खाली येतो, त्यामुळे आकडा हलला तर भाजीने की गोळीने हेच कळेना. घरच्यांच्या जिवाला घोर तो वेगळाच.

ॲटोर्व्हावर आल्यापासून आकडा बऱ्यापैकी जागेवर आहे. तिचा आयएनआरवर फारसा परिणाम होत नाही असं डॉक्टरही म्हणाले. किडनी फारच कमजोर असेल तर रोझुव्हाचा डोस मर्यादित ठेवावा लागतो, ॲटोर्व्हाला ती अडचण नाही. मात्र क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक ॲटोर्व्हाशी जास्त भांडतं आणि आयएनआरही वाढवू शकतं, त्यामुळे घसा-खोकल्याला दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर ॲसिट्रॉम आणि स्टॅटिन, दोन्हींची नावं आधी सांगा.

प्रत्येकाचं शरीर वेगळं, एखाद्याला रोझुव्हाही छान चालत असेल, आणि एलडीएल फारच हट्टी असेल तर डॉक्टर तीच देतील, तेही बरोबरच. पण दोन्हींतली कुठलीही चालणार असेल तर मी ॲटोर्व्हाबद्दल नक्की विचारीन. अपिक्साबान ही रक्त पातळ करायची दुसरी गोळी घेणाऱ्यांना आयएनआरची ही कटकट नाही, पण मेटलच्या व्हॉल्व्हला ती गोळी देत नाहीत. आणि रोझुव्हा चालू असेल तर मनाने बंद करू नका, ती थांबली की आयएनआर खाली येऊ शकतो आणि व्हॉल्व्हवर गुठळी व्हायची भीती असते, म्हणून बदल डॉक्टरांना विचारूनच आणि त्यानंतर ते सांगतील तेव्हा टेस्ट.