पुढच्या ॲक्सलचा आवाज: आधी हब उघडायचा की डिफरेन्शियल?

जुन्या जिप्सीच्या किंवा महिंद्रा जीपच्या पुढून घरघर यायला लागली की गॅरेजमधलं निदान ठरलेलं असतं: ‘क्राऊन पिनियन गेला,’ म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटणाऱ्या डिफरेन्शियलमधली मुख्य दातेरी चाकांची जोडी. कधी तो खरंच गेलेला असतो. पण बऱ्याचदा दोष हबातल्या (चाकाच्या मधल्या भागातल्या) बेअरिंगचा, टायरचा, नाहीतर चक्क मागच्या ॲक्सलचा निघतो, आणि तोवर पुढचा डिफरेन्शियल उतरवून झालेला असतो.

दोन्ही कामांत फरक मोठा आहे. दोन्ही हबांची बेअरिंगं, सीलं आणि ग्रीस हे फार तर एका दिवसाचं काम, आणि ते बहुतेक मेकॅनिक नीट करतात. क्राऊन पिनियन बसवताना मात्र शिम (जाडी जुळवायच्या पातळ चकत्या), पिनियनची खोली, बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) आणि दातांवर उमटणारा ठसा हे सगळं जुळवावं लागतं. ते जुळवणारा हात गोव्यात शोधावा लागतो, काही भागांसाठी बेळगाव-कोल्हापूरला फोन करावे लागतात, आणि बसवण्यात चूक झाली तर नवा सेटसुद्धा पहिल्याच घाटात ओरडतो. म्हणून हबावरचा संशय पूर्ण फिटल्याशिवाय डिफरेन्शियलचा बोल्टही सोडवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

त्याहीआधी टायर. मड टायर असमान झिजले की हुबेहूब बेअरिंगसारखे गुणगुणतात. पुढचे टायर मागे घाला. आवाजही मागे गेला तर शोध तिथेच संपला. काँक्रीटवरून डांबरावर आल्यावर टायरचा आवाज बदलतो, बेअरिंगचा बदलत नाही.

घरघर: बेअरिंग की डिफरेन्शियल

इथे सगळ्यात मोठी दिशाभूल होते. ‘ॲक्सिलरेटर दाबल्यावर आवाज वाढला, सोडल्यावर बदलला, म्हणजे डिफरेन्शियल’ हा नियम खरा आहे, पण भार ज्या ॲक्सलवर आहे त्याच्यापुरता. गाडी टू-व्हीलमध्ये (जोर फक्त मागच्या चाकांना) असताना पुढच्या डिफरेन्शियलवर इंजिनाचा भार येतच नाही. त्यामुळे टू-व्हीलमध्ये पायाखालच्या ॲक्सिलरेटरबरोबर चढ-उतार करणारी शिट्टी ऐकू आली, तर ती मागच्या डिफरेन्शियलची किंवा ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणाऱ्या पेटीची) असण्याचीच शक्यता जास्त. चॅसीवरून आवाज पुढे येतो आणि ड्रायव्हरला तो बॉनेटखालचाच वाटतो.

फ्री व्हील हब (चाक ॲक्सलच्या शाफ्टला जोडता किंवा त्यापासून सोडवता येणारे) बसवलेली गाडी असेल तर निदान फुकटात होतं. हब फ्री ठेवून, टू-व्हीलमध्ये 40 ते 60 किलोमीटर वेगाने चालवा. या अवस्थेत पुढे फक्त चाकं आणि त्यांची बेअरिंगं फिरतात. ॲक्सलचे शाफ्ट, डिफरेन्शियल, पुढचा प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून ॲक्सलपर्यंतचा दांडा) सगळं थांबलेलं असतं. आता घरघर आहे? मग पुढचा डिफरेन्शियल निर्दोष. आवाज नसेल तर दोन्ही हब लॉक करा, गाडी टू-व्हीलमध्येच ठेवा आणि तोच रस्ता पुन्हा धरा. आता सुरू झालेली घरघर डिफरेन्शियलच्या बेअरिंगची, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसची (टोकाच्या सांध्याची) किंवा स्पिंडलमधल्या (हब ज्यावर फिरतो त्या नळीतल्या) कोरड्या बुशची असू शकते. तिसरी अवस्था फोर-व्हीलची, पण ती फक्त मातीच्या रस्त्यावर. कोरड्या डांबरावर फोर-व्हील घातली की पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांना पिळतात, नसलेले आवाज निघतात आणि असलेले भाग मोडतात. फोर-व्हीलमध्ये भाराखालीच ओरडत असेल, तेव्हा क्राऊन पिनियनचं नाव घ्यायला हरकत नाही.

बऱ्याच जिप्सींना फ्री व्हील हब नसतात. तिथे फ्लँजवर खुणा करून पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढा आणि चालवून बघा. आवाज गेला तर क्रॉस किंवा स्लिप जॉइंट. राहिला तर मागच्या चाकांना उटी (दगड किंवा ठोकळा) लावा, पुढचा ॲक्सल स्टँडवर घ्या (नुसत्या जॅकवर नको) आणि चाक हाताने फिरवत लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक आधी नकलवर (चाकासोबत वळणाऱ्या भागावर), मग डिफरेन्शियलच्या हौसिंगवर टेकवून मूठ कानाला लावा. खराब बेअरिंग वाळू दळल्यासारखं ऐकू येतं आणि पाट्यावर (लीफ स्प्रिंगवर) ठेवलेल्या हातालाही जाणवतं.

कोणत्या बाजूचं, हे वळणं सांगतात. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो, म्हणून डाव्या वळणावर वाढणारी घरघर उजव्या हबाची. चोर्ला किंवा अनमोड घाटात वळणं आलटून-पालटून येतात, त्यामुळे हायवेवर गाडी झुलवण्यापेक्षा ही चाचणी तिथे बरी होते. खाली उतरल्यावर दोन्ही हबांचं तापमान ताडून पाहा, पण घाईने निष्कर्ष काढू नका: खाऱ्या हवेने ब्रेक कॅलिपरचा पिस्टन अडकला असेल तरी तेच चाक तापतं.

मग चाक उचलून वर-खाली धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) जाणवला तर दुसऱ्या कुणाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिनचं (नकल ज्यावर वळतो त्या पिनचं) बेअरिंग. डावी-उजवीकडे हलवताना प्ले असेल तर टाय रॉड एंडसुद्धा बघा.

हब उघडल्यावर ग्रीस पुसून कपकडे (रोलर ज्यावर फिरतात त्या बाहेरच्या कड्याकडे) नीट बघावं. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत रोलरच्या अंतराइतक्या अंतरावर तपकिरी-काळपट रेघा दिसतात. आत शिरलेलं पाणी रोलरच्या टेकणीच्या जागी धातू खातं, त्या या रेघा. त्या नखाला लागत असतील तर नवं ग्रीस भरून उपयोग नाही. कप आणि रोलर दोन्ही बदला. निळसर झाक म्हणजे ग्रीस संपलेलं किंवा नट जास्त आवळलेला. जीपच्या टेपर रोलर बेअरिंगला चाक फिरवत नट जड होईपर्यंत आवळून मग साधारण एक षष्ठांश फेरा सैल करतात, लॉक वॉशर घालतात आणि बाहेरचा नट आवळतात. जिप्सीची मापं वेगळी, ती तिच्या मॅन्युअलमधूनच घ्यावीत.

कटकट: जॉइंट की हब लॉक

फोर-व्हीलमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू निघताना चाकाच्या लयीत येणारी कटकट ॲक्सल शाफ्टच्या जॉइंटची. जिप्सीत नकलच्या गोळ्याच्या आत सीव्ही जॉइंट असतो; त्याच्या बॉलच्या खाचा झिजल्या की तो असा वाजतो. क्रॉस असलेला जॉइंट आधी चिवचिवतो, मग गिअर घालताना ठोका देतो. हब लॉकची (फ्री व्हील हबातल्या जोडणीची) कटकट वेगळी: स्टिअरिंग सरळ असतानाही, चढावर जोर लावला की दात निसटल्यासारखा धक्का बसतो. वळवल्यावरच वाजला तर जॉइंट, सरळही वाजला तर आधी हब लॉक उघडा.

हब लॉक बिघडायला गोव्यात निमित्तं भरपूर. कुळ्याहून दूधसागरच्या वाटेवर ओढ्यांत गाडी घालावी लागते, खाणपट्ट्यातली लाल धूळ सीलखालून शिरते, चोडण-दिवाडीच्या फेरीच्या रॅम्पवर खारं पाणी उडतं. आतली स्प्रिंग गंजते आणि हब अर्धवट लागतो. तो उघडून धुवा, ग्रीसचा फक्त हलका हात फिरवा. बेअरिंगचं जाड ग्रीस ठासून भरलं की हब लागतच नाही, आणि हे गॅरेजमध्ये सर्रास होतं. एक हब लॉक आणि दुसरा फ्री राहिला तर फ्री बाजूचा शाफ्ट नुसता गरगरतो आणि पुढची चाकं ओढत नाहीत.

नकलच्या गोळ्यावर काळा पातळ रस उतरलेला दिसला तर आतलं ॲक्सल सील गेलंय. डिफरेन्शियलचं ऑइल जॉइंटच्या ग्रीसमध्ये मिसळतं आणि तिकडे डिफरेन्शियल कोरडा पडतो. अशा गाडीत कटकट आणि घरघर दोन्ही एकाच सीलची असू शकतात.

खड्ड्यात धाडकन आवाज आला तर पाट्याचे बुश, शॅकल आणि यू-बोल्ट बघा. ॲक्सल उघडू नका. कर्कश किंचाळणं येत-जात असेल तर ब्रेकची डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्याच्या मधे अडकलेला जांभ्याचा खडा काढा.

किती दिवस थांबता येतं

प्ले असलेल्या व्हील बेअरिंगचं काम पुढे ढकलत नाहीत. ते जाम होऊन चाक अडकतं. तेवढं एकच काम गाडी रस्त्यावर आणण्याआधी करायचं. वाजणारा जॉइंट किंवा शिट्टी मारणारा पुढचा डिफरेन्शियल मात्र, फ्री व्हील हब असतील तर, हब फ्री ठेवून टू-व्हीलमध्ये पैसे जमेपर्यंत चालवता येतो. हब फिक्स असतील तर ही सवलत नाही.

डिफरेन्शियल उतरवायचा निर्णय ऑइल बघून घ्या. आधी फिलर प्लग सुटतो का पाहा, मगच ड्रेन प्लग काढा. नाहीतर ऑइल खाली आणि भरायची जागा गंजून बंद. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडी मऊ पेस्ट चालते, चमकणारे तुकडे नाहीत. ऑइल दुधी असेल तर पाणी गेलंय: गरम ॲक्सल गार ओढ्यात उतरला, ब्रीदर (ॲक्सलची हवा येण्या-जाण्याची वाट) तुंबलेला, म्हणजे आतली हवा आकसून सीलमधून पाणी ओढलं जातं. ब्रीदर साफ करा, त्याला नळी जोडून वर इंजिनाच्या उंचीवर न्या, जिप्सीत सुमारे 2 लिटर ईपी 90 गिअर ऑइल भरा आणि 200 किलोमीटरनंतर पुन्हा थोडं काढून बघा.