तेल्यावर बोर्डो मारू की फेज?

सटाणा-मालेगावकडे डाळिंबाचा मृग बहार धरला की हा प्रश्न येतोच. तेल्या हा डाळिंबाचा जिवाणूजन्य रोग. बोर्डो म्हणजे मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुन्याचं मिश्रण, तर फेज म्हणजे जिवाणूंना मारणारे विषाणू. बाटलीवरचे दावे बाजूला ठेवू.

खर्चात बोर्डो स्वस्त. एक टक्क्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. विळ्याचं पातं बुडवून पाहा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, कोवळी पानं करपतील.

टिकण्यात फेज कच्चे. उन्हातल्या अतिनील किरणांनी काही तासांत निकामी होतात, म्हणून फवारणी दिवस मावळताना. साय काढलेल्या दुधाची पावडर लिटरला ७.५ ग्रॅम घातली की जरा तग धरतात. क्लोरीनचं पाणी नको, बोर्डोचा न धुतलेला पंप तर मुळीच नको. शिवाय भलते निवडक: टोमॅटोच्या जिवाणूजन्य ठिपक्यांवरचे डाळिंबावर चालतीलच असं नाही. मात्र तांब्याला न जुमानणाऱ्या जिवाणूवर तेच कामाचे, आणि जमिनीत तांबं साठत नाही.

छाटणीनंतर आणि मोठ्या बागेत बोर्डोच. आपल्याच बागेतल्या जिवाणूवर प्रयोगशाळेत फेज तपासून घेतले असतील आणि आठवड्यातून दोनदा संध्याकाळी पंप उचलायची तयारी असेल, तरच फेज घ्या.